वयस्करांची खाज: मलम लावण्याआधी अंग नीट पाहा

घरातल्या आजी-आजोबांना खाज सुटली की कपाटातली एखादी अर्धवट वापरलेली ट्यूब बाहेर निघते. ती आधी खाली ठेवा. अशा बऱ्याच ट्यूबांत जोरदार स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र कालवलेलं असतं. चार दिवस लाली उतरते, पण खाली नायटा किंवा खरूज असेल तर ती पसरत राहते आणि पुरळाचं रूप इतकं बदलतं की डॉक्टरांनाही ओळखणं अवघड जातं. वयाने पातळ झालेली कातडी आणखी पातळ होते, ते वेगळंच.

चांगल्या उजेडात सगळं अंग पाहा. पाठ, जांघा, स्तनांखालचा भाग, बोटांच्या बेचक्या, काही सोडू नका.

नडग्या, हात आणि कंबर खरखरीत, कोंडा उडाल्यासारखी दिसत असेल आणि ओरखडे सोडून वेगळं पुरळ नसेल, तर बहुधा हा निव्वळ कोरडेपणा आहे. वयानुसार त्वचेतला स्निग्धांश कमी होतो, पाणी धरून ठेवलं जात नाही. त्यात कढत पाण्याची अंघोळ आणि घासणी यांनी उरलासुरला तेलकटपणाही जातो. पाणी कोमट ठेवा, अंघोळ ५ ते १० मिनिटांत उरका, साबण फक्त काखा, जांघा आणि पावलांना लावा. अंग टिपून घ्या, रगडू नका. ते ओलसर असतानाच, २-३ मिनिटांच्या आत, पेट्रोलियम जेली किंवा घट्ट, बिनवासाचं क्रीम लावा. पातळ लोशन अशा त्वचेला पुरत नाही. सगळ्या अंगाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम लागतं, म्हणजे दिवसातून दोनदा लावलं तर छोटी ट्यूब दिवसभरही पुरत नाही. बोटभर क्रीम अंगभर पसरवायचं आणि मग ‘गुण येत नाही’ म्हणायचं, इथेच बहुतेकांचं फसतं. तळपायांना लावलं तर मोजे घाला, नाहीतर पाय घसरतो.

खाज रात्री पांघरुणात वाढत असेल, बेचक्यांत, मनगटांवर, बेंबीभोवती बारीक पुटकुळ्या असतील, घरात आणखी कुणी खाजवत असेल, तर खरुजेचा संशय घ्या. वयस्करांत ती फसवी असते. पुटकुळ्या कमी आणि खाजच जास्त, म्हणून महिनोन्‌महिने कोरडेपणा समजून क्रीमच चोळलं जातं. निदान झालं की सहसा ५ टक्के परमेथ्रिनचं क्रीम देतात. ते थंड, कोरड्या अंगावर, नखांखालीसुद्धा लावायचं आणि ८ ते १२ तासांनी धुवायचं. वयस्करांना डोक्याच्या त्वचेला, कानांमागे आणि चेहऱ्यालाही (डोळे, ओठ वगळून) लावायला सांगतात. मधे हात धुतले तर हातांना पुन्हा लावा. ७ दिवसांनी दुसऱ्यांदा. घरातल्या सगळ्यांनी, खाज असो वा नसो, एकाच दिवशी लावलं नाही तर ती फिरून येते. कपडे आणि चादरी ६० अंश तापमानाच्या पाण्यात धुवा. धुता येत नाहीत ते पिशवीत बांधून किमान ३ दिवस ठेवा. यानंतरही २ ते ४ आठवडे खाज राहू शकते, म्हणून पुन्हा पुन्हा औषध लावत बसू नका.

झोप आणणाऱ्या खाजेच्या गोळ्या मनाने देऊ नका. कोरडेपणाच्या खाजेवर त्यांचा फारसा उपयोग नसतो. उलट गोंधळल्यासारखं होणं, तोल जाऊन पडणं, प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी तुंबणं हे धोके खरे आहेत.

अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यात जळजळ आणि फोड आले तर ती नागीण असू शकते. औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं. मोठे, घट्ट, पाण्याने भरलेले फोड आले तरी त्वचारोगतज्ज्ञांकडे लगेच जा. त्याआधी काही आठवडे नुसती खाजच असू शकते आणि मधुमेहाच्या ग्लिप्टिन गटातल्या गोळ्यांशीही या फोडांचा संबंध असू शकतो. क्रीम नीट लावूनही २ आठवड्यांत फरक नसेल, तर मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, लोह आणि रक्तपेशींची तपासणी करून घ्या. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या, दुकानातून परस्पर घेतलेल्यासुद्धा.