आकडा आला कुठून?

सांगलीतील एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. ग्रंथपालाचे काम पुस्तके देण्याघेण्याचे आणि दंड वसूल करण्याचे, अशी बाहेर समजूत असते. प्रत्यक्षात लघुशोधप्रबंध जमा करण्याचे दिवस जवळ आले की माझा बहुतेक वेळ विद्यार्थ्यांनी इंटरनेटवरून आणलेल्या माहितीचे मूळ शोधण्यात जातो, आणि हे काम कुठल्याही कार्यभाराच्या तक्त्यात लिहिलेले नसते. आमच्या महाविद्यालयाने एन-लिस्टचे, म्हणजे महाविद्यालयांना ई-नियतकालिके आणि ई-पुस्तके पुरवणाऱ्या योजनेचे, सभासदत्व घेतले आहे. मूल्यांकन समिती येणार असली की त्याचा फलक दर्शनी भागात लागतो. पण त्यातून लेख कसा काढायचा हे विचारायला अध्यापकांपैकी फार थोडे जण येतात आणि आपल्यालाही असे खाते मिळू शकते, याचा विद्यार्थ्यांना पत्ताच नसतो.

यंदा मार्चमध्ये समाजशास्त्राच्या एम. ए. भाग दोनची एक विद्यार्थिनी प्रबंधाचे तिसरे प्रकरण घेऊन माझ्याकडे आली. ती जत तालुक्यातली, घरात एम. ए.पर्यंत पोहोचलेली पहिलीच. तिचा विषय सांगली जिल्ह्यातील मुलींच्या प्रमाणाचा होता. "मॅडम, सगळं लिहून झालंय, फक्त संदर्भसूची एकदा नजरेखालून घाला," असे ती म्हणाली. मी सूचीच्या आधी तक्ते पाहते, कारण सूचीतली चूक सूचीतच राहते, तक्त्यातली मात्र निष्कर्षापर्यंत जाते.

तक्त्याला तीन रकाने होते: २००१, २०११ आणि २०२१. पहिले दोन बरोबर होते. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे सांगली जिल्ह्यात २००१ साली ८५१ मुली होत्या आणि २०११ साली ८६७. शेजारच्या साताऱ्यात हेच प्रमाण ८७८ वरून ८९५ वर आले होते. राज्याचा २०११ चा आकडाही तिने ८९४ असा अंतिमच घेतला होता. हे मी मुद्दाम सांगते, कारण त्या वर्षी आधी जाहीर झालेला तात्पुरता आकडा ८८३ होता आणि आजही कितीतरी लेखांत हे दोन्ही आकडे शेजारीशेजारी, एकाच जनगणनेचे म्हणून, नांदताना दिसतात. तिसऱ्या रकान्यात मात्र सांगलीचे प्रमाण नऊशेच्या बरेच पुढे गेले होते आणि खाली स्रोत दिला होता: भारताची जनगणना, २०२१.

२०२१ साली भारतात जनगणना झालीच नाही. कोविडमुळे ती पुढे ढकलली गेली, मग पुढे ढकलतच राहिली, आणि आता होणाऱ्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे. समाजशास्त्राच्या प्रबंधात न झालेल्या जनगणनेचा आकडा यावा, यापेक्षा तो मार्गदर्शकांच्या सहीनिशी माझ्यापर्यंत यावा, याचे मला जास्त वाईट वाटले.

मुलीने तो आकडा मनाने घातला नव्हता. तिने पिशवीतून एका शोधलेखाची छापील प्रत काढली. लेख दुसऱ्या एका महाविद्यालयातील प्राध्यापकांचा होता आणि मुखपृष्ठावर ‘आंतरराष्ट्रीय’, ‘तज्ज्ञपरीक्षित’ आणि ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ हे तिन्ही शब्द ठळक होते. आयएसएसएन क्रमांकही होता. हा आठ अंकी क्रमांक नियतकालिकाची केवळ ओळख सांगतो, त्यातल्या मजकुराची कसलीही हमी देत नाही, हे मी दरवर्षी संशोधनपद्धतीच्या तासाला सांगते, आणि दरवर्षी ‘आयएसएसएन आहे म्हणजे लेख प्रमाण’ असे मानणारे लोक मला भेटतात. त्यांत विद्यार्थ्यांपेक्षा प्राध्यापक अधिक असतात. लेख मिळाल्याची आणि स्वीकारल्याची तारीख यांत आठवड्याचेही अंतर नव्हते. एवढ्या वेळात कोणा तज्ज्ञाने तो वाचला असेल, असे मला वाटत नाही. वाचला असता तर तक्त्याच्या शीर्षकातच थांबला असता. पदोन्नतीसाठी लेखांची संख्या मोजण्याची पद्धत सुरू झाल्यापासून पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी आणली आणि २०२५ मध्ये ती बंदही केली. यादीतही नको ते शिरत होते हे खरे, पण आता निवड करण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आली आहे, त्यांना त्यासाठी कुणी तयार केलेले नाही.

मी तिला शेजारी बसवले आणि आम्ही तो आकडा उलट दिशेने शोधू लागलो. हे काम मला मनापासून आवडते, म्हणून त्याची रीत जरा सविस्तर लिहिते. प्रथम आकडा आणि जिल्ह्याचे नाव अवतरणचिन्हांत घालून शोधायचे, म्हणजे तो शब्दशः जिथे जिथे आहे ती पाने समोर येतात. मग त्या पानांचा काळ लावायचा: कोणते आधीचे, कोणते नंतरचे. पानावरची तारीख बदललेली असू शकते, म्हणून जुन्या प्रती साठवणाऱ्या वेबॅक मशीनवर ते पान पहिल्यांदा कधी नोंदले गेले हे पाहायचे. शेवटी शोध फक्त सरकारी संकेतस्थळांपुरता मर्यादित करून पाहायचा. सरकारी संस्थेच्या नावावर फिरणारा आकडा त्या संस्थेच्या एकाही कागदात सापडत नसेल, तर ती संशयाला पुरेशी जागा असते.

सरकारी कागदांत तो कुठेच नव्हता. बाकी पानांपैकी दोन बातम्या त्या शोधलेखावरून केलेल्या होत्या, एका स्पर्धा परीक्षेच्या टिपणात बातमीचा हवाला होता, आणि मुलीने चॅटबॉटला विचारले तेव्हा त्यानेही तोच आकडा ‘जनगणनेनुसार’ म्हणून दिला होता. चार ठिकाणी दिसल्यामुळे तिचा विश्वास पक्का झाला होता. वस्तुतः ती चार ठिकाणे एकाच ठिकाणावर उभी होती. कालक्रमाने सर्वांत जुने पान निघाले एका खासगी संकेतस्थळाचे, जिथे प्रत्येक जिल्ह्याची ‘चालू वर्षाची’ लोकसंख्या मिळते. मागच्या दोन जनगणनांतली वाढ पुढे ओढून ही पाने तयार होतात आणि हा अंदाज आहे, अशी ओळ पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत असते. त्यातही तो आकडा एकूण लोकसंख्येतील स्त्री-पुरुष प्रमाणाचा होता. शोधलेखात तो बालकांच्या रांगेत जाऊन बसला होता. सांगलीचे एकूण प्रमाण २०११ सालीच ९६६ होते. त्यामुळे नऊशेच्या पुढचा आकडा पाहून लेखकाला आनंद झाला असेल, पण शंका यायला हवी होती.

ही सरमिसळ किरकोळ नाही. एकूण प्रमाणावर स्थलांतराचा फार मोठा परिणाम होतो. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ साली हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या आणि मुंबई शहरात ८३२, कारण कोकणातले पुरुष मुंबईत मोजले गेले. साताऱ्याचे एकूण प्रमाण ९८८ होते, त्यामागेही पाटण-जावळीतून मुंबईत माथाडी कामाला गेलेल्या पिढ्या आहेत. मुलगी जन्माला येऊ दिली जाते की नाही, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ते जन्माच्या वेळच्या प्रमाणावरून कळते, आणि काही अंशी शून्य ते सहा वयोगटावरून.

तिच्या प्रस्तावनेत आणखी एक आकडा होता: देशात हजार पुरुषांमागे १०२० स्त्रिया. हा मात्र खरोखर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतला आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो जाहीर झाला तेव्हा ‘देशात स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त’ असे मथळे झळकले होते. पण हे सर्वेक्षण निवडक घरांचे असते. आदल्या रात्री त्या घरात जे मुक्कामाला होते, त्यांची गणती त्यात होते; कामासाठी बाहेर गेलेला, बराकीत किंवा वसतिगृहात राहणारा पुरुष त्यातून सुटतो. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातले जन्माच्या वेळचे प्रमाण चौथ्या फेरीतील ९२४ वरून ९१३ वर घसरलेले आहे. निसर्गतः हे प्रमाण साधारण ९५० असते. एकाच संचातला सुखावणारा आकडा मथळ्यात गेला आणि आपल्या राज्याचा काळजी करण्यासारखा आकडा आतल्या पानातच राहिला. जिल्ह्याच्या पत्रकातला आकडा घेऊ का, असे तिने विचारले, तेव्हा मी तिला कंस आणि तारे दाखवले: कंसातला आकडा २५ ते ४९ नमुन्यांवर आधारलेला असतो, आणि नमुने त्याहून कमी असतील तर आकड्याऐवजी तारा छापतात. हा प्रामाणिकपणा मला त्या सर्वेक्षणाबद्दल आदर वाटायला लावतो.

अवघड गोष्ट यानंतरची होती. प्रबंधाचे शेवटचे प्रकरण तिच्या स्वतःच्या गावावर होते. तिने ग्रामपंचायतीत जाऊन, भाऊसाहेबांना, म्हणजे ग्रामसेवकांना, विनंती करून, जन्मनोंदवहीतून वर्षवार नोंदी हाताने उतरवून आणल्या होत्या. त्यात एका वर्षी मुली मुलग्यांपेक्षा जास्त होत्या आणि गावाची मानसिकता बदलली, असा निष्कर्ष तिने आनंदाने काढला होता. मी तिला कागदावर मांडून दाखवले: वर्षाला चाळीस जन्म असतील, तर २२ मुलगे आणि १८ मुली झाल्या की प्रमाण ८१८ येते, आणि पुढच्या वर्षी केवळ योगायोगाने उलटे झाले की १२२२. दुसरे असे की जन्माची नोंद जन्म जिथे होतो तिथे होते. जतच्या बायका बाळंतपणाला मिरजेच्या दवाखान्यांत येतात, पहिले बाळंतपण माहेरी होते, आणि मिरजेला तर अथणीकडूनही बायका येतात. त्यामुळे गावच्या वहीत गावची सगळी मुले नसतात आणि सांगली-मिरजेच्या नोंदींत कर्नाटकातलीही असतात. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मॅडम, माझ्या पाहण्यात गाव खरंच बदललंय हो." मी तिला म्हटले, तसे असेल तर आशाताईंशी, सासू-सुनांशी बोलून घेतलेल्या मुलाखती तुझ्या वहीत आहेत, त्या पुराव्यावर ते लिही, या आकड्यावर नको. सोबत जिल्हा जनगणना पुस्तिकेच्या ‘ब’ भागातून तिच्या गावाची २०११ ची शून्य ते सहा वयोगटातली मुले-मुली काढून दिली. बालकांची घरोघर जाऊन झालेली गणती म्हणून आजही तीच जवळची आहे, आणि त्या वेळी मोजलेल्यांपैकी मोठी मुले आता माझ्याकडे ग्रंथालयाचे कार्ड काढायला येतात.

संध्याकाळी मार्गदर्शक सर आले. आकडा चुकीचा आहे हे त्यांनी मान्य केले, पण लेख प्रकाशित आहे, तो उद्धृत केला तर दोष मूळ लेखकाचा, तिचा नव्हे, असे त्यांचे म्हणणे पडले. शिवाय २०११ नंतर काहीच नाही असे दिसले तर बाह्य परीक्षक ‘जुनी आकडेवारी’ म्हणून गुण कापतील, ही त्यांची काळजी होती. ती काळजी खोटी नव्हती आणि मुलीच्या हिताचीच होती, हे मला मान्य करावे लागते. तरीही मी अडून राहिले. आपल्या जिल्ह्यात म्हैसाळला मार्च २०१७ मध्ये १९ भ्रूण पुरलेले सापडले. गर्भलिंगनिदानावर देशात सर्वांत आधी, १९८८ साली, कायदा करणाऱ्या राज्यातली ही गोष्ट. अशा जिल्ह्याबद्दल ‘प्रमाण नऊशेच्या पुढे गेले’ असे एकदा लिहिले गेले, की सोनोग्राफी केंद्रांची तपासणी ढिली करायला तेवढे निमित्त पुरते.

मुलीने निर्णय स्वतः घेतला. तिसरा रकाना तिने ठेवला, रिकामा ठेवला, आणि खाली जनगणना न झाल्याची नोंद व राज्याचे सर्वेक्षणातले दोन आकडे, त्यांच्या मर्यादांसह, दिले. गावाच्या प्रकरणाचे शीर्षक बदलून मुलाखती पुढे आणल्या. त्यासाठी तिला मुदतीच्या आदल्या रात्रीपर्यंत टंकलेखन करावे लागले. तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांनी त्या रिकाम्या रकान्यावरच बोट ठेवले, आणि तिने सर्वेक्षण, नोंदणी आणि जनगणना यांतला फरक सांगितला, असे ती नंतर येऊन सांगून गेली. परीक्षकांचे समाधान झाले की नाही, हे तिला त्यांच्या चेहऱ्यावरून कळले नाही.

तिला यात कमी गुण पडले तर त्याचे उत्तर माझ्याकडे काय असेल, हा विचार मला अजून सोडत नाही. त्या नियतकालिकाच्या संपादकांना मी तक्त्याच्या पृष्ठक्रमांकासह लिहिले. उत्तर आले नाही आणि लेख जसाच्या तसा आहे. विभागाच्या पुढील वर्षाच्या वाचनयादीतही तो आहे. तो काढावा, आणि प्रबंधातले तक्ते जमा करण्यापूर्वी ग्रंथालयात दाखवावेत, असे पत्र मी विभागप्रमुखांना दिले आहे. बैठकीच्या इतिवृत्तात त्यापुढे ‘विचाराधीन’ असा शेरा आहे.