आगोटीची कामं आणि गाण्यांची हार्ड डिस्क

मे संपत आला की आमच्याकडे मालवणात आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या तयारीची कामं सुरू होतात, लाकडं आत घ्या, कौलं बघून घ्या, मसाले नि सुकी मासळी डब्यात भरा, आणि गेली काही वर्षं माझ्या यादीत गाण्यांचा बॅकअप पण असतो. घरातल्या कुणाला हे काम वाटत नाही ती गोष्ट वेगळी.

कलेक्शन नीट लावायचं म्हटलं की बहुतेक जण आधी फोल्डर पाडायला घेतात, मराठी, हिंदी, भक्तिगीतं, गझल, आणि तिथेच दमतात. मी आधी फक्त एवढंच बघतो की हे गेलं तर परत मिळेल का? लताबाईंचं गाजलेलं गाणं डिलीट झालं तर पाच मिनिटांत दुसरीकडून मिळतं, त्यासाठी जीव काढायची गरज नाही. पण गावच्या जत्रेतला दशावतार, शेजारच्या वाडीतली डबलबारी म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, बाबांनी टेपरेकॉर्डर समोर ठेवून भरलेलं आमच्या घरच्या गणपतीतलं भजन, हे जगात दुसरीकडे कुठेच नाहीये. म्हणून माझ्याकडे वरचे फोल्डर दोनच, ‘मिळणारी’ आणि ‘न मिळणारी’. पहिल्यात पसारा असला तरी चालतो, सगळी मेहनत दुसऱ्यावर.

आता कॅसेट. आपल्याकडच्या दमट हवेत टेपवर पांढरी बुरशी धरते, कॅसेटच्या खिडकीतून बघितलं तरी दिसते. तशी कॅसेट थेट डेकमध्ये घालू नका, हेड खराब होतं आणि तीच घाण पुढच्या कॅसेटला लागते. ज्यांच्यावर बुरशी नाही त्या आधी उरकायच्या. सी-९० ची (नव्वद मिनिटांची) टेप सी-६० पेक्षा (साठ मिनिटांच्या) पातळ असते, ती लवकर गुंतते, म्हणून तिला जास्त जपायचं. आणि आवाज घोगरा, दबल्यासारखा वाटला तर लगेच कॅसेटला दोष देऊ नका, हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू किंचित फिरवून बघा, झांज एकदम लख्ख ऐकू यायला लागते. मी पखवाजापेक्षा झांजेवरच कान ठेवतो कारण वरचे सूर गेलेत की आहेत ते तिच्यावरूनच कळतं.

डेकच्या हेडफोनच्या भोकातून लॅपटॉपला वायर, ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ. तासाभराची वेव्ह फाईल साधारण ६३५ एमबी होते. तीच फ्लॅक या दाबून लहान केलेल्या प्रकारात ठेवली तर बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास येते आणि आवाजातलं काहीही कापलं जात नाही. ३२० केबीपीएसचा एमपीथ्री तासाला १४४ एमबी, तो मोबाईलसाठी करायचा तर करा पण मूळ प्रत फ्लॅकच ठेवा. उलटं मात्र करू नका, म्हणजे मोबाईलवर रेकॉर्ड झालेली एमफोरए फाईल फ्लॅकमध्ये बदलून काही सुधारत नाही, नुसती फुगते. जशी आली तशीच ठेवायची. आणि रात्रभराचा दशावतार २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करायला बसलात तर साधारण चार तासांत फाईल ४ जीबीला पोचते, साध्या वेव्हची हद्दच तेवढी, आख्यान ऐन रंगात आलेलं असतं तेव्हा नेमकं हे होतं, म्हणून रेकॉर्डर आपोआप फाईल तोडून पुढची चालू करतो का ते घरीच बघून जा.

नावांचा घोळ तर विचारू नका. व्हॉट्सअपवरून आलेल्या ऑडिओच्या नावात जी तारीख असते ती फाईल फिरली त्या दिवसाची, भजन झालं त्या दिवसाची नाही. रेकॉर्ड करणाऱ्यालाच सांगायचं की बाबा डॉक्युमेंट म्हणून पाठव, मग मूळ नाव तरी राहतं. माझी पद्धत म्हणजे फाईलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग गाव, मग प्रसंग, आणि हे सगळं इंग्रजी अक्षरांत, कारण गाडीतल्या जुन्या स्टिरिओला देवनागरी दिसली की तो नुसते चौकोन दाखवतो. खरी माहिती टॅगमध्ये, म्हणजे फाईलच्या आतल्या माहितीच्या रकान्यांत, ती मात्र देवनागरीत.

टॅगसाठी मी एमपीथ्रीटॅग वापरतो, नाव तसं असलं तरी फ्लॅकला पण चालतो. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हे दुसरं सॉफ्टवेअर पण छान आहे, बाजारातल्या अल्बमची माहिती स्वतः शोधून भरतो, पण आमच्या वाडीतल्या बुवांचं नाव त्याला कुठून सापडणार. शिवाय आपल्याकडे गाणं तीन माणसांचं असतं, गायक, संगीतकार, कवी, आणि प्लेअर सगळ्यात पुढे दाखवतो फक्त आर्टिस्ट. कंपोझर आणि लिरिसिस्ट असे वेगळे रकाने असतात, तेही भरा. नाट्यगीतांत तर वर्षाचाही गोंधळ. ‘संगीत मानापमान’ रंगभूमीवर आलं १९११ मध्ये, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, पण आपल्याकडची फाईल कितीतरी नंतरच्या गायकाची असते, मग वर्ष कुठलं टाकायचं? मी रेकॉर्डिंगचं टाकतो, नाटकाचं कमेंटमध्ये. डबलबारीला गजर, रुपावली, अभंग, गौळण असे तुकडे पाडायचा मोह होतो, तो जरूर पुरवा, पण अखंड फाईल उडवू नका. मधली बुवांची शेरेबाजी आणि लोकांचं हसणं तुकड्यांत हमखास कापलं जातं आणि माझ्या मते अर्धी डबलबारी तिथेच असते.

बॅकअपचा नियम प्रसिद्ध आहे, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक घराबाहेर. लोक पहिल्या दोन करतात आणि तिसरी सोडतात. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा कित्येक तळमजले पाण्याखाली होते, अशा वेळी एकाच कपाटात दोन डिस्क असल्या काय आणि दहा असल्या काय. निसर्ग वादळ ३ जून २०२०, तौक्ते मे २०२१, दोन्ही ऐन आगोटीच्या दिवसांत, त्यानंतर कितीतरी गावांत लाईट दिवसेंदिवस नव्हती.

लाईटचं म्हणाल तर स्वतःचा अडॅप्टर लागणारी मोठी डिस्क आमच्या भागात नकोच, कॉपी चालू असताना लाईट गेली की ती तिथल्या तिथे बंद. लॅपटॉपवर चालणारी छोटी यूएसबी डिस्क बरी, आणि विजा कडाडायला लागल्या की चार्जर भिंतीतून काढायचा. कॉपी झाली म्हणजे झालं असंही नाही. फ्लॅक फाईलच्या आत मूळ आवाजाचा एमडीफाईव्ह आकडा साठवलेला असतो, त्यावरून फाईल शाबूत आहे की नाही हे तपासता येतं, ते वर्षातून एकदा करतोच. आणि सिंकला, म्हणजे दोन जागा आपोआप सारख्या ठेवण्याला, बॅकअप समजू नका, इथे चुकून उडवलं की ते तिकडूनही उडतं.

क्लाऊड का नाही? ‘न मिळणारी’ सध्या २०० जीबीच्या आसपास आहेत, अपलोड ५ एमबीपीएस धरला तरी न थांबता जवळजवळ चार दिवस, आणि पावसात न थांबता इथे काहीच चालत नाही. त्यामुळे माझा क्लाऊड म्हणजे डोंबिवलीचा चुलतभाऊ. गणपतीला येताना तो जुनी डिस्क आणतो, जाताना नवी नेतो, शिमग्याला परत तेच. झिपच्या दोन पिशव्या, आत सिलिका जेलची पुडी, वरून टॉवेल. काकी दरवेळी विचारते, “ह्यां काय सोन्याचां बिस्कीट आसा काय रे?”

एकच कटकट आहे, भाऊ त्या डिस्कवर रिकामी जागा बघून पिक्चर भरतो. गेल्या गणपतीत शेवटी एक फोल्डरच करून दिला, ‘दादाचे पिक्चर’, म्हटलं भरायचे ते यात भर, बाकी कुठे हात लावू नको.