मावशीचा फोटो, माझा ताप

आधीच सांगून टाकते, खोटं मी बोलले होते, त्यामुळे फार सहानुभूती मिळणार नाही हे माहितीये. ऑफिस पुण्याचं, मी इंदूरला सुदामा नगरमध्ये घरून काम करते, आणि पुण्याच्या कॅलेंडरमध्ये धुळवडीची सुट्टी आहे पण रंगपंचमीची नाही. आता इंदूरच्या माणसाला रंगपंचमीला लॅपटॉपसमोर बसवणं म्हणजे काय ते इंदूरच्याच माणसाला कळेल. इथे त्या दिवशी लोकल सुट्टी असते, राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, येते, टँकरने रंग उडवतात, मशीनने चार चार मजले वर गुलाल जातो आणि खाली लाखो माणसं. २०२५ मध्ये रंगपंचमी बुधवारी आली, १९ मार्चला. मंगळवारी रात्री मी मॅनेजरला मेसेज टाकला, अंगात ताप आहे, उद्या जमेलसं वाटत नाही.

गुरुवारी सकाळी साडेनऊच्या कॉलवर कॅमेरा बंद ठेवला होता कारण कानामागे अजून हिरवं होतं. मॅनेजर म्हणाले, "काय मग, ताप उतरला का? का रंग उतरायचाय अजून?"

सगळे हसले. मीही हसले, काय करणार.

फोटो मावशीने टाकला होता. राजवाड्याच्या दरवाजासमोर आम्ही चौघं, मी, मावशी, मावसभाऊ आणि त्याची बायको, आणि तोंडं अशी की माझ्या नवऱ्याने त्याच दिवशी वहिनीला मी समजून पाण्याची बाटली आणून दिली होती. म्हणजे सख्ख्या नवऱ्याला ओळखू आली नाही ती मी अख्ख्या ऑफिसला ओळखू आले, कारण मावशीने एकेका तोंडावर बोट ठेवून नाव लिहिलं होतं. चेहरा ओळखायची सिस्टीम फेसबुकने २०२१ मध्ये बंद केली, शंभर कोटींहून जास्त लोकांचे साठवलेले नमुने पुसतोय असं जाहीर करून. पण मावशीपुढे मशीन काय चीज आहे, तिने आम्हाला लहानपणापासून आंघोळी घातल्यात.

(माझी ही भानगड कुठल्या ॲपवर झाली ते लिहीत नाही. नाव काढलं की त्याच नावावर चर्चा होते आणि बाकीचे सुटतात.)

मला राग मावशीचा आला नव्हता, खरंच. मला राग आला तो ह्याचा की मी सेटिंग केल्या होत्या. मी त्यातली आहे जी नवीन फोन घेतला की आधी अर्धा तास सेटिंगमध्ये बसते. ऑफिसच्या सगळ्यांना मी वेगळ्या लिस्टमध्ये टाकलंय, त्यांना माझ्या फक्त पब्लिक पोस्ट दिसतात, आणि पब्लिक मी वर्षातून दोनच टाकते, दिवाळी आणि गणपती. कुणी टॅग केलं तर आधी मला विचारायचं, तेही ऑन. बरोबर विचारलं सुद्धा त्याने, बुधवारी संध्याकाळी नोटिफिकेशन आलं होतं, ही पोस्ट तुमच्या प्रोफाइलवर दाखवायची का, आणि मी नाही म्हणून निवांत झोपले.

आता गंमत बघा. ते "नाही" फक्त माझ्या प्रोफाइलपुरतं. मावशीच्या भिंतीवर फोटो तसाच, माझं नावही तसंच. आणि मावशीची पोस्ट पब्लिक, का तर तिने गणपतीत आरतीचा व्हिडिओ सगळ्यांना दिसावा म्हणून पब्लिक केला होता आणि ॲपने तेच पुढे धरून ठेवलं, तेव्हापासून तिचं सगळंच पब्लिक, नातवाचं जावळ, गुडघ्याचा एक्सरे, सगळं. आणि मी ऑफिसवाल्यांना टाकलं होतं त्या लिस्टमध्ये ज्यांना फक्त पब्लिक गोष्टी दिसतात. म्हणजे मी अगदी मेहनत करून, एक एक नाव निवडून, नेमकी तीच माणसं त्या फोटोसमोर नेऊन उभी केली.

दोन दिवस चिडचिड झाली आणि मग मी वाचत बसले, आणि वाचल्यावर जास्तच झाली. २०१० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने फेसबुकच्या प्रायव्हसी सेटिंग मोजल्या होत्या, ५० सेटिंग आणि त्यात १७० हून जास्त पर्याय, आणि पॉलिसी ५,८३० शब्दांची, म्हणजे अमेरिकेच्या मूळ राज्यघटनेपेक्षा लांब. घटना त्यांनी कमी शब्दांत लिहिली! त्याच्या आदल्या डिसेंबरात, २००९ मध्ये, फेसबुकने रचना बदलली आणि लोकांनी लपवून ठेवलेली फ्रेंडलिस्टसुद्धा उघडी पडली, त्यावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तक्रार केली आणि २०११ मध्ये समझोता झाला. मे २०१८ मध्ये एका बगमुळे १.४ कोटी लोकांच्या नव्या पोस्टला काही दिवस आपोआप पब्लिक लागत होतं. २०१९ मध्ये त्याच कमिशनकडून फेसबुकला ५ अब्ज डॉलर दंड. त्या वेळच्या तक्रारीत एक गोष्ट अशी होती की लोकांनी अकाउंटच्या सुरक्षेसाठी, ओटीपीसाठी म्हणून दिलेला मोबाईल नंबर जाहिरातींसाठीही वापरला गेला. म्हणजे कुलूप बसवायला आलेल्या माणसाने किल्लीचा नंबर बाजारात सांगावा.

पण ह्या सगळ्यात मला जी गोष्ट डाचली ती वेगळीच. केंब्रिज ॲनालिटिकाचं प्रकरण आठवतंय ना, २०१८ चं, एका क्विझच्या ॲपमधून फेसबुकवाल्यांचा डेटा राजकीय प्रचाराच्या कंपनीकडे गेला ते. तेव्हा फेसबुकने भारताचा आकडा दिला होता. ते क्विझचं ॲप भारतात इन्स्टॉल केलं होतं फक्त ३३५ जणांनी. आणि ज्यांचा डेटा गेला असू शकतो असे भारतीय, ५,६२,४५५. ते ३३५ सोडले तर बाकीच्या साडेपाच लाखांहून जास्त लोकांनी काहीही दाबलं नव्हतं. कुठल्या तरी मित्राने, मावसभावाने, शेजाऱ्याने "तुमचा स्वभाव कसा आहे" टाइपचं काहीतरी खेळलं आणि ह्यांची माहिती गेली.

म्हणजे मी माझ्या फोनमध्ये अर्धा तास बसून काय करते तर माझ्या घराची कडी लावते, आणि मागचं दार मावशीच्या घरात उघडतं.

मग विचार केला की कायदा काय म्हणतो. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, मग २०२३ मध्ये डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन ॲक्ट आला, नियम यायला तर पुढे नोव्हेंबर २०२५ उजाडलं आणि त्यातही कंपन्यांवरच्या मुख्य अटींना दीड वर्षाची मुदत. कायद्यात दोन गोष्टी मला फार आवडल्या. एक म्हणजे संमती मागताना जी सूचना देतात ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय हवी, म्हणजे मराठीतही, इंदूरात बसून सुद्धा. आणि दुसरी म्हणजे संमती काढून घेणं हे देण्याइतकंच सोपं पाहिजे. हे कागदावर वाचून मी एकटीच हसले, कारण "मान्य आहे" हे निळं मोठं बटण असतं आणि "नाही" हे राखाडी रंगात, सहाव्या पानावर, आणखी पर्यायच्या आत.

पण खरा मुद्दा कलम ३ मध्ये आहे. कुणी व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी डेटा वापरला तर हा कायदा लागू नाही. संपलं. मावशी कायद्याच्या बाहेर! आणि मला वाटतं ते बरोबरच आहे, मावशीवर डेटा प्रोटेक्शन बोर्डाकडे तक्रार करायला मी काय वेडी आहे का, संक्रांतीला गुळाच्या पोळ्या कोण देणार.

तर मग मी रविवारी रामबागेत तिच्या घरी गेले. पोहे झाले, जलेबी झाली, आणि मग मी चष्मा लावून तिचा फोन घेतला. फोन हिंदीत. मराठी शाळेत शिकलेली बाई, घरात शंभर टक्के मराठी, पण फोन हिंदीत, कारण दुकानदाराने तसा लावून दिला. मी तिला म्हटलं, प्रत्येक पोस्टला ऑडियन्स निवडायचा असतो.

"ऑडियन्स म्हणजे?"

"प्रेक्षक."

"मी काय नाटक करतेय का?"

ह्यावर मला सानंद सुचलं, आणि हे सुचल्याबद्दल मी स्वतःवर अजून खूश आहे. इंदूरच्या मराठी लोकांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते की सानंद ही आमच्याकडची संस्था, मुंबई-पुण्याची नाटकं इथे आणते, आणि सभासदांचे वेगवेगळे गट असतात, प्रत्येक गटाचा प्रयोग ठरलेला. मावशी कित्येक वर्षांची सभासद. म्हटलं, तुझ्या गटाचा प्रयोग असेल तेव्हा दुसऱ्या गटाचे लोक येऊन बसतात का? नाही. तसंच हे. आरतीचा व्हिडिओ टाकलास तर सगळे गट. घरचे फोटो असतील तर घरचा गट. पब्लिक म्हणजे सभागृहाची सगळी दारं उघडी आणि दाराशी पास तपासायला कुणी नाही.

तिला लग्गेच कळलं. १७० पर्याय करणाऱ्यांना जे जमलं नाही ते सानंदने केलं.

मग मी विजयी मुद्रेने तिचं सगळं मित्रांपुरतं करायला निघाले, तर तिने हातातून फोनच घेतला. म्हणाली, नको. का? तर ग्वाल्हेरची तिची एक मैत्रीण आहे, तिथल्या लश्कर भागातली, शाळेत एका बाकावर बसायच्या, लग्नानंतर नाव बदललं, गाव बदललं, चाळीसेक वर्षं पत्ता नाही. त्या मैत्रिणीच्या सुनेला मावशीचा तो आरतीचा व्हिडिओ दिसला. पब्लिक होता म्हणून दिसला. आता दोघी रोज दुपारी तीन वाजता बोलतात, दोघींच्या गुडघ्यांचं सगळं एकमेकींना माहिती. "तुझं ते मित्रांपुरतं असतं," मावशी म्हणाली, "तर मी तिला सापडले असते का?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाहीये. मी कायम धरून चालले होते की पब्लिक हे अडाणीपणाने राहतं, कुणी मुद्दाम ठेवत असेल हे डोक्यातच आलं नाही. ॲपवाल्यांना मैत्रिणींशी काही देणंघेणं नाही हे मला माहितीये, जितकं उघडं तितकी जाहिरात, पण मावशीचं देणंघेणं खरं आहे.

शेवटी आमचा समझोता झाला. आरती, रांगोळ्या, तिच्या कविता (हो, करते) हे पब्लिक. माणसं असलेले फोटो घरच्या गटात. टॅग करायच्या आधी फोन. आणि रंगपंचमीच्या त्या फोटोतून मी माझं नाव काढलं, त्यात सुद्धा तीन बिंदू, मग पर्याय, मग "तुम्हाला हे का नको" अशी चौकशी, जणू मी जावई आहे आणि जेवायला नाही म्हणतेय. तिच्या फोनमधून सगळे कॉन्टॅक्ट त्या ॲपवर अपलोड होत होते तेही बंद केलं, त्यात माझा नंबर, माझ्या सासूबाईंचा, गॅसवाल्याचा आणि डेंटिस्टचा सगळे होते. आधीचे गेलेले पुसायला वेगळं पान आहे, ते सापडेपर्यंत दुसरा चहा झाला.

पुढच्या वर्षी, २०२६ मध्ये, रंगपंचमी रविवारी आली, ८ मार्चला, त्यामुळे तापबिप काही आला नाही. गेरमधून घरी येऊन मी केस धुवत होते आणि फोन वाजायला लागला, दोनदा, तीनदा, शेवटी नवऱ्याने स्पीकरवर टाकून बाथरूमच्या दाराशी धरला.

"अगं, मी बोलतेय. राजवाड्याचा फोटो आहे, तू आहेस त्यात. गट कोणता लावू?"

डोळ्यात शांपू गेला होता. म्हटलं, "मावशी, आज रविवार आहे. लाव कुठलाही."