गोल खाल्ल्यानंतरचं अर्धं मिनिट

बेळगावच्या लेले मैदानाच्या कडेला फुटबॉलची मॅच बघत उभारलं की कुणीतरी येऊन विचारतंच, "सर, पोरं सारखी हरूलेत. कोच बदलू की कॅप्टन?" विचारणारा कधी गल्लीतल्या क्लबचा मॅनेजर असतो, कधी एखाद्या खेळाडूचे वडील. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कुणालाही बदलायच्या आधी, गोल खाल्ल्यावर तुमची पोरं काय करतात ते बघा. चेंडू जाळ्यात गेल्यापासून परत मध्यावर ठेवेपर्यंत अर्धं मिनिट तरी जातं. त्या वेळात कोच लाईनच्या आत पाऊल टाकू शकत नाही, आणि पावसात त्याची हाक पलीकडच्या विंगपर्यंत पोचतही नाही. खचलेल्या संघात काय होतं? कीपर बॅककडे हात करतो, बॅक हाफकडे. फॉरवर्ड कमरेवर हात ठेवून पाठ फिरवतो. दोघं-तिघं रेफरीला घेरून एखादं यलो कार्ड ओढवून घेतात. चेंडू जाळ्यातच पडून राहतो. असा संघ लगेच दुसरा गोल खातो, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता पहिल्या गोलनंतर मी चेंडूकडे बघतच नाही, पोरांच्या तोंडाकडे बघतो.

1950 सालच्या वर्ल्ड कपच्या निर्णायक मॅचमध्ये मराकाना स्टेडियमवर ब्राझीलने पहिला गोल केला, तेव्हा उरुग्वेचा कॅप्टन व्हारेला चेंडू हातात धरून ऑफसाईडसाठी वाद घालत राहिला. गोल काही रद्द झाला नाही. पण तेवढ्यात स्टेडियमचा आवाज उतरला, त्याची माणसं भानावर आली आणि उरुग्वेने मॅच 2-1 अशी जिंकली. आठ वर्षांनी स्टॉकहोमच्या वर्ल्ड कप फायनलमध्ये ब्राझीलने चौथ्याच मिनिटाला गोल खाल्ला. दिदीने चेंडू घेतला आणि घाई न करता चालत मध्यावर आणला. ब्राझीलने ती फायनल 5-2 ने मारली. कॅप्टन मात्र दिदी नव्हता, बेलिनी होता. दंडावरचा बँड एकाकडे आणि संघाचा धीर दुसऱ्याकडे, असं खुशाल असू शकतं.

आमच्याकडे असाच एक पोरगा होता, वडगावातल्या विणकराच्या घरचा. पाय फार वेगवान नव्हते, कॅप्टनही दुसराच होता. एका भर पावसातल्या मॅचला आम्ही दोन गोलनी मागे पडलो. लाल चिखलात कुणाला धड उभारता येत नव्हतं. यानं जाऊन जाळ्यातला चेंडू उचलला आणि सरळ मध्यावर न जाता आधी चुकलेल्या राईट बॅककडे गेला. त्याला कन्नडमध्ये म्हणाला, "अवसर माडबेड, हिंद बा." घाई करू नकोस, मागे ये, एवढंच. कॅम्प भागातल्या कीपरला उर्दूत, "टेन्शन नक्को ले." आणि आमच्या फॉरवर्डला, "का उभारलास रे? चल की!" तिघांशी तीन भाषांत बोलला, आणि आवाज एकदाही चढवला नाही. ती मॅच आम्ही 1-2 ने हरलोच, पण तिसरा गोल खाल्ला नाही आणि शेवटच्या शिट्टीपर्यंत पोरं धावत होती.

बेळगावातल्या संघाला असला माणूस जास्तच लागतो, कारण इथे एका बचावफळीत मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी अशी सगळी पोरं असतात. बरेच क्लब यावर उपाय म्हणून गोव्याचा नाहीतर कोल्हापूरचा एखादा तगडा खेळाडू स्पर्धेपुरता आणतात. तो गोल मारेलही. पण ज्याला राईट बॅकचं नाव माहीत नाही, तो त्याला सावरणार कसा? हे पैसे वाया जातात, असं माझं स्पष्ट मत आहे.

कोचची गरजच नाही, असं मी म्हणत नाही. 1962 च्या जकार्ता एशियाडमध्ये जर्नेल सिंगसारख्या बॅकला पुढे फॉरवर्डला खेळवायचं भारताचे कोच रहीमसाहेबांनी ठरवलं. पण डोक्याला टाके असताना उतरून फायनलमध्ये कोरियावर गोल मारणं, ते जर्नेललाच करावं लागलं. त्या संघाचा कॅप्टन चुनी गोस्वामी होता, हेही ध्यानात घ्या.

तेव्हा पुढच्या प्रॅक्टिसला एवढं करा. आपसातल्या मॅचमध्ये ज्या बाजूला तुमची नेहमीची पोरं आहेत, ती 0-2 ने मागे आहे असं सांगून खेळ सुरू करा आणि कोचला पंधरा मिनिटं कुंपणापाशी गप्प बसवा. कोण बोलतो, आणि चेंडू गेल्यावर बाकीचे कुणाकडे बघतात, ते कळेल. तो कॅप्टन नसला तरी सीझनच्या मध्यात आहे त्या कॅप्टनचा बँड काढू नका, तो पोरगा कायमचा मोडेल. दोघांना बोलावून सांगा, टॉस आणि रेफरी तुझ्याकडे, गोल खाल्ल्यावर चेंडू आणायचं काम याच्याकडे. बँडचं पुढच्या सीझनला बघू.