फ्लॅट विकताना ब्रोकरशी काय काय लिहून घ्यावं

दलाली किती, यावरच सगळी घासाघीस होते. पण खरी भांडणं ती कधी द्यायची यावरून होतात. टोकन घेतलं, ब्रोकरने १% मागितले, आणि महिन्याने खरेदीदाराचं होमलोन नामंजूर! म्हणून ‘करारनाम्याची नोंदणी झाल्यावरच दलाली’ असं स्पष्ट लिहा. फार तर निम्मी तेव्हा, निम्मी ताबा देताना.

जीएसटी धरून की वेगळा, हेही आधीच ठरवा. ८० लाखांवर १% म्हणजे ८०,००० रुपये. वर १८% जीएसटी १४,४००. ब्रोकरकडे जीएसटी नोंदणीच नसेल, तर तो कर त्याला लावता येत नाही. दलालीची पावती मात्र घ्याच, कर मोजताना भांडवली नफ्यातून (म्हणजे फ्लॅट विकून झालेल्या नफ्यातून) ती रक्कम वजा होते.

‘फक्त आमच्यामार्फतच’ अशी अट असेल तर मुदत ६० दिवसांपुरती ठेवा, आपोआप वाढणारी नको. ओळखीतला गिऱ्हाईक आला तर दलाली नाही, हे त्यातच घाला. मुदतीनंतरही ‘आमचीच पार्टी’ म्हणून हक्क सांगितला जातो. त्यासाठी घर दाखवलेल्यांची नावं नि तारखा दर आठवड्याला व्हॉट्सॲपवर मागवा. यादीत नाव नाही, तर दलालीही नाही.

आणि चावी? एकच द्या, तीही सही घेऊन.