अजून लांब आहे

आजोबा सांगायचे, वारीला नवी वहाण घालून जाऊ नये. मी ऐकलं नाही. एक तर ही वारी नव्हती, आणि आजोबा जाऊनही बारा वर्षं झाली. बुधवारी बूट घेतले आणि गुरुवारी संध्याकाळी ते पायात घालून मनिलाच्या कियापो चर्चसमोर उभा राहिलो.

सहा वर्षं झाली मला या शहरात. होली वीक, म्हणजे ईस्टरआधीचा आठवडा, आला की मनिला रिकामं होतं. लोक गावी जातात, मॉल बंद असतात, आणि मी एसी लावून झोपून काढतो. झोपून काढायचो, असं म्हणायला हवं. कारण आमच्या गल्लीत पासियोन लागतं. ख्रिस्ताच्या यातनांची पद्यातली कथा, आलटून पालटून बसलेल्या आज्या, हातात माइक, रात्रंदिवस. सूर असा की आपल्याकडचा नामसप्ताह आठवावा, आणि आपल्याकडच्यासारखाच कर्ण्याचं तोंड थेट माझ्या खिडकीकडे.

तसाही यंदा मी झोपलो नसतोच. डिसेंबरात इयर एंडच्या गडबडीत टीममधल्या एका मुलाला सगळ्यांसमोर बोललो होतो. चूक त्याचीच होती, पण जे शब्द मी वापरले ते वापरायचे नव्हते. पुण्यात असतो तर त्याने उलट उत्तर दिलं असतं, दोन दिवस गाल फुगवले असते, तिसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर मिटलं असतं. इथे तसं होत नाही. इथे हिया नावाची एक गोष्ट आहे, लाज आणि आब दोन्ही तिच्यात. चारचौघांत माणसाची हिया गेली की तो भांडत नाही, गप्प होतो. तो मुलगा म्हणाला, “ओपो, सर.” होय, सर. त्यानंतर तीन महिने तो मला फक्त तेवढंच म्हणत होता. मला कुणी बोल लावला नाही. डबे उघडले की सगळे पूर्वीसारखेच म्हणायचे, “सर, काइन तायो,” चला जेवायला. मीही पूर्वीसारखाच हसून नको म्हणायचो. पण रात्री तीनला जाग यायची आणि ते “ओपो” कानात असायचं.

अकाउंट्समधल्या आते (आते म्हणजे इथली ताई) एक दिवस म्हणाल्या, “सर, आमच्याबरोबर आंतिपोलोला चला. आलाय लाकादला.” आलाय म्हणजे अर्पण, लाकाद म्हणजे चालणं. पवित्र गुरुवारी रात्री निघायचं, शुक्रवारी उजाडताना आंतिपोलोच्या डोंगरावरच्या मेरीमातेच्या दारात. सुमारे 25 किलोमीटर. मी हो म्हटलं. कियापोला पोचलो तर गटात तो मुलगाही होता. आतेंना हे ठाऊक होतं की नाही, मी आजवर विचारलेलं नाही.

कियापोचा नाझारेनो, म्हणजे क्रूस वाहणारा ख्रिस्त, काळा आहे. ही मूर्ती मेक्सिकोहून आली, आंतिपोलोची माताही तिकडूनच, 1626 साली, आणि तीही सावळ्या लाकडाची. काळ्या देवाशी आपलं जुनं असल्याने मला उगाच घरच्यासारखं वाटलं. गर्दीत कुणाचं तरी कोपर बरगडीत बसलं आणि ते वाटणं संपलं.

सांता मेसा, सान हुआन, मग एदसा या हमरस्त्याचा चौक. तिथे मार्कोसची हुकूमशाही उलथवणाऱ्या 1986 च्या क्रांतीची आठवण म्हणून उभारलेलं चर्च आहे, त्याच्या पायऱ्यांवर पाणी प्यायलो. ओर्तिगासचे टॉवर मागे पडले. इथवर काही विशेष नाही.

मग पूल लागला, मांगाहानच्या कालव्यावरचा, आणि माझं डोकं फिरायला लागलं. रस्ताभर प्लास्टिकचे पेले, फास्ट फूडचे कागद, मक्याची कणसं. तरुण पोरं पाठीवर स्पीकर बांधून नाचाची गाणी लावत चाललेली. जोडपी हातात हात घालून, सेल्फी. पुढाऱ्यांच्या हसऱ्या फोटोंचे फलक लावलेले पाण्याचे मांडव, तेही आपल्यासारखेच. मधेच एक माणूस अनवाणी, खांद्यावर लाकडी क्रूस, मान खाली. त्याच्यासाठी सगळे बाजूला होत आणि पुन्हा एकत्र येऊन आइस्क्रीम खात. मला राग येत होता. कुणावर, ते ठरत नव्हतं. आजोबा अठरा वर्षं चालले, मी एकदाही गेलो नाही, आणि दिवेघाट चढायचा सोडून परमुलखात परक्या देवीकडे चाललोय, वर टाच जळतेय.

“अजून किती?” असं ज्याला ज्याला विचारलं, तो म्हणाला, “मालापित ना!” जवळ आलं. फुगे विकणारा म्हणाला, पोलीस म्हणाला, सात वर्षांची एक मुलगीही बापाच्या खांद्यावरून म्हणाली. दहा वाजताही मालापित ना, एक वाजताही मालापित ना.

काइंता आलं. 1762 मध्ये इंग्रजांनी मनिला घेतली तेव्हा मद्रासेहून शिपाई आणले होते. दोन वर्षांनी इंग्रज गेले. काही शिपाई परत गेलेच नाहीत, इथेच लग्नं करून राहिले. त्यांचे वंशज आजही या गावात आहेत. एरवी मी हे पाहुण्यांना रंगवून सांगतो. त्या रात्री एवढंच मनात आलं, की त्यांचेही पाय दुखले असतील म्हणून राहिले.

ताइताइच्या हद्दीत फोड फुटला. आधी गरम, मग ओलं, मग मोजा चिकटला. प्रत्येक पावलाला कुणीतरी टाचेची साल काढतंय असं. गट पुढे गेला. मी एका सारी-सारी दुकानासमोर थांबलो. घराच्याच खिडकीला जाळी लावून शाम्पूच्या पुड्या नि सुट्या सिगारेटी विकणारं, तसलं. खुर्चीवर साठीची एक बाई पंख्याने वारा घेत बसली होती. मी तिलाही तेच विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग बुटांकडे. म्हणाली, “मालायो पा.” अजून लांब आहे. “बस.”

त्या रात्री खरं बोलणारं पहिलं माणूस भेटलं. मी बसलो.

तिने आतून प्लास्टिकचं टब आणलं आणि ताबो आणला. ताबो म्हणजे न्हाणीतला दांड्याचा मग, या देशातल्या प्रत्येक घरात असतो. मी मोजा काढत होतो तर ओरडली, “हिनाय-हिनाय!” हळू. चिकटलेल्या जागी आधी पाणी सोडलं, भिजू दिलं, मग म्हणाली, आता काढ. आला सुटून. टाचेवर रुपयाएवढं लाल. पाणी ती ओतत होती, पाय मी धूत होतो. पवित्र गुरुवारी संध्याकाळी पाद्री बारा जणांचे पाय धुतात, ते मी टीव्हीवर पाहतो. इथे शेजारच्या पातेल्यात हिरवे मूग भिजत होते आणि एक मांजर त्यात डोकावत होतं.

“बुंबाय?” तिने विचारलं. इथे भारतीयाला बुंबायच म्हणतात, मग तो जालंधरचा असो की मदुराईचा. मोटरसायकलवरून पाच देऊन सहा वसूल करणारा सावकार, तोच बुंबाय, आणि पोरं जेवली नाहीत की पळवून नेणाराही तोच. एरवी मला हा शब्द खटकतो. त्या वेळी म्हटलं, “ओपो. जन्माने खराखुरा. मुंबईचाच.” ती इतकी हसली की पंखा खाली पडला. आत कुणाला तरी हाक मारून सांगितलं, अगं, बाँबेचा बुंबाय आलाय!

तेवढ्यात तो मुलगा समोर उभा. परत मागे आला होता. हातात माझी पाण्याची बाटली, मी केव्हा तरी विसरलेली.

“हा तुझा बॉस?” बाईने त्याला विचारलं.

तो माझ्या टाचेकडे बघत होता. म्हणाला, “कासामा को पो.”

माझ्याबरोबरचा. बरोबर चालणारा. दिंडीतला सोबती असतो, तसा.

मला काहीतरी बोलायचं होतं. तीन महिने मनात घोळवलेलं इंग्रजी वाक्य तयार होतं. तो खाली बसला, बाईने दिलेलं हिरवं मेन्थॉलचं तेल माझ्या पोटरीला चोळायला लागला, आणि ते वाक्य मला फार लांबलचक वाटलं. मी म्हटलं, “सालामात.” आभार. तो म्हणाला, “जोरात चोळू?”

बूट बाईने ठेवून घेतले. नवऱ्याच्या रबरी चिनेलास, म्हणजे चपला, दिल्या, एक निळी, एक हिरवी. चढाला मेण्यात बसल्याहून बरं वाटलं. मी पैसे काढले तेव्हा तिने ताबो उगारला. नवस काय आहे, असंही तिने विचारलं. पानाता म्हणतात त्याला. मी म्हटलं, काही नाही. “बरं,” म्हणाली, आणि पुढच्या माणसाला पाणी द्यायला वळली.

तिकलिंगपासून घाट. तासभर आम्ही बोललो ते फक्त बास्केटबॉलबद्दल, त्यातलं मला काही कळत नाही.

आंतिपोलोच्या मातेचं नाव शांतीची आणि सुखरूप प्रवासाची माता. मेक्सिकोकडे जाणाऱ्या गलबतांवर तिला नेत. आता परदेशी नोकरीला निघालेले लोक तिच्याकडे येतात, नव्या गाड्यांवरही तिच्या दारात पाणी शिंपडून घेतात. 1639 च्या दंगलीत आगीत टाकली तरी जळली नाही म्हणतात. ज्यांच्या गाथा नदीतून वर आल्या त्यांना हे नवं नाही. नाहीशी झाली की तिपोलोच्या झाडावर सापडायची. तिपोलो म्हणजे आपल्या नीरफणसाच्या कुळातलं. मला मात्र ती दिसली नाही. पांढरा घुमट दिसला, माणसांच्या पाठी दिसल्या, मेणबत्त्यांचा धूर डोळ्यांत गेला. आते आत जाऊन आल्या. मी कठड्याला टेकून बसलो आणि तिथेच, कर्ण्याखाली, गाढ झोपलो. किती वेळ ते माहीत नाही. जाग आली तेव्हा डोक्याखाली त्या मुलाची सॅक होती.

उतरताना जीपनी (इथली वडापची गाडी) त्या दुकानापाशी थांबवायला लावली. बूट बाहेर उन्हात ठेवलेले, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले, ओल शोषायला. नाड्याही धुतल्या होत्या. मुलाने बाईचा हात घेऊन कपाळाला लावला, मानो म्हणतात त्याला. मीही लावला. हाताला लसणाचा वास होता.

“काइन तायो,” ती म्हणाली.

मुगाची पातळ आमटी, वर शेवग्याचा पाला, भात. गुड फ्रायडेचं जेवण. तळाशी सुकट होती. माळ आजोबांची होती, माझी नाही. मी ताट पुढे केलं.