चौसष्टचे बत्तीस

प्रोसेसर बदलल्यापासून मेमरी अर्धीच दिसते, अशी तक्रार घेऊन व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्या एक बाई आल्या. बत्तीस जीबीच्या दोन पट्ट्या, म्हणजे हिशोबाने चौसष्ट. मशीन दाखवत होतं बत्तीस. प्रोसेसरची चिप ज्याने बदलली त्याने आधी मेमरी खराब आहे म्हणून सांगितलं होतं. नवी मेमरी घातली तरी तेच, मग म्हणाला बोर्ड गेला. बाई नवा मदरबोर्ड सोबतच घेऊन आल्या होत्या.

"अहो, तुम्ही सरळ बोर्डच बदला. मला उद्या काम द्यायचंय."

"बदलतो मॅडम, पण आधी आत काय झालंय ते बघू द्या. तासभर द्या फक्त."

एक पट्टी एका स्लॉटमध्ये घातली, मशीन सुरू. तीच पट्टी दुसऱ्या चॅनेलच्या, म्हणजे मेमरीकडे जाणाऱ्या दुसऱ्या वाटेच्या, स्लॉटमध्ये घातली, मशीन ढिम्म. पट्ट्यांची अदलाबदल केली तरी दोष पट्टीबरोबर सरकला नाही, जागेवरच राहिला. म्हणजे मेमरी निर्दोष. उरले तिघं: बोर्ड, सॉकेट (बोर्डवर चिप बसते ती जागा) आणि खुद्द प्रोसेसर. पूर्वी मेमरी कंट्रोलर, म्हणजे मेमरीशी देवाणघेवाण सांभाळणारा भाग, मदरबोर्डवरच्या वेगळ्या चिपमध्ये असायचा. एएमडीने २००३ साली अ‍ॅथलॉन ६४ मध्ये आणि इंटेलने २००८ साली पहिल्या कोअर आय-७ मध्ये तो प्रोसेसरच्या पोटात आणला. तेव्हापासून मेमरीच्या तारा सॉकेटमधून थेट प्रोसेसरपर्यंत जातात, आणि सॉकेटमध्ये एका जागी संपर्क तुटला तर अख्खं चॅनेल गायब होऊ शकतं. प्रोसेसर बदलल्यावर मेमरी हरवली की मी आधी सॉकेटकडे बघतो ते यामुळेच. कधीकधी चिप थंड ठेवणाऱ्या कूलरचे स्क्रू एका बाजूला जास्त आवळले गेले तरी असंच होतं. म्हणून ते आधी सैल करून पाहिले. फरक नाही.

रिस्ट स्ट्रॅप, म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरवणारा मनगटाचा पट्टा, बांधला आणि कूलर उतरवला. चिपची उष्णता कूलरकडे नेणारी पेस्ट इतकी थापलेली, की चिपच्या कडांवरून खाली उतरली होती. आमचा नवा मुलगा शेजारी उभा होता. त्याला स्ट्रॅपचं कायम हसू येतं, कारण त्याला कधी झटका बसलेला नाही. पण अंगावरची स्थिर वीज आपल्याला जाणवायलाच साधारण तीन हजार व्होल्ट लागतात, आणि काही नाजूक भाग शंभरच्या आतही जायबंदी होतात. झटका बसला नाही म्हणजे काही घडलं नाही, असं नसतं.

चिप कडांना धरून उचलली आणि उलटी केली. एएम-५ सॉकेटची चिप, २०२२ मध्ये आलेली जात. हिच्या बुडाला पिना नसतात, सोन्याचा मुलामा दिलेले १७१८ सपाट ठिपके असतात, पिना सॉकेटमध्ये. एका कोपऱ्यात पेस्टचा राखाडी फराटा होता आणि त्यावर बोटाचा ठसाही उमटलेला. बिनधाग्याच्या कापडाला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलक्या हाताने पुसलं, कापडाची बाजू बदलत, कारण त्याच बाजूने परत पुसलं तर काढलेली घाण पुन्हा पसरते. काहीजण इथे खोडरबर घासतात. ते अजिबात नको. सोन्याचा थर फार पातळ असतो, तो घासला गेला की पुन्हा चढत नाही. नेलपॉलिश रिमूव्हरही चिपजवळ आणू नये.

"दादा, झालं ना? बसवू?" मुलाने विचारलं.

चिप झाली होती, सॉकेट बघायचं होतं. पुष्कळदा माणसं चिप चकाचक पुसतात आणि तिच्यावरची घाण जिथे टेकली होती ती जागा बघतही नाहीत.

बोर्डवरची छोटी बॅटरी काढून बोर्ड मायक्रोस्कोपखाली घेतला आणि दिवा तिरपा केला. सॉकेटच्या पिना ठरावीक दिशेला झुकलेल्या असतात. त्यामुळे बोर्ड हळूहळू फिरवला की चकाकी रांगेरांगेने सरकत जाते. एखादी पिन वाकडी असेल तर तिथे चकाकी चुकते. इथे पिना सगळ्या सरळ होत्या. पण कोपऱ्याजवळ चार-पाच पिनांची टोकं मळकट दिसत होती. भिंग वाढवलं तर कापसाचा एक धागा, वाळलेल्या पेस्टने माखलेला, पिनांच्या टोकांवर आडवा पडलेला. आधीच्या माणसाने कान साफ करायच्या काडीने सॉकेट पुसलं असणार. पिन धाग्याला आकड्यासारखी पकडते. ओढणाऱ्याचा हात जरा जोरात फिरला असता, तर धाग्याबरोबर पिनही आली असती.

सॉकेट पुसायचं नसतंच. अल्कोहोलचे थेंब सोडले, पेस्ट मऊ होऊ दिली, मग अँटिस्टॅटिक मऊ ब्रश पिना झुकल्या त्याच दिशेने फिरवला, उलट कधीच नाही. बोर्ड पालथा करून मळकं अल्कोहोल गळू दिलं. दोन-तीनदा असं केल्यावर पेस्ट निघाली, धागा मात्र राहिला. तो बारीक चिमट्याने काढावा लागला: टोक धरायचं आणि पिनेच्या अंगाअंगाने, वर न उचलता सरकवायचं. श्वास आपोआप रोखला जातो. बाईंचा फोन मध्येच वाजला, तेव्हा मी हात मागे घेतला आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत थांबलो.

बोर्ड पूर्ण सुकू दिला. अल्कोहोल पेट घेणारं असतं, ते ओलं असताना वीज जोडणं म्हणजे संकटाला आमंत्रण. मग त्रिकोणाची खूण जुळवून चिप ठेवली, लीव्हर लावला, पेस्ट वाटाण्याएवढीच घेतली, कूलरचे स्क्रू आलटून पालटून आवळले.

बटण दाबलं. स्क्रीन काळी.

बाई म्हणाल्या, "बघा, मी म्हटलं नव्हतं?"

"मॅडम, जरा दम धरा." बॅटरी काढली की डीडीआर-५ जातीच्या मेमरीचं ट्रेनिंग, म्हणजे प्रोसेसरशी तिचा मेळ बसवणं, नव्याने होतं, त्याला काही मिनिटंही लागू शकतात. याच वेळात घाबरून मशीन बंद करणारे पुष्कळ. स्क्रीन उजळली, चौसष्ट जीबी, दोन्ही चॅनेल. तरीही मशीन रात्रभर मेमरी चाचणीवर ठेवलं. सकाळी एकही चूक नव्हती. बाई आपला नवा बोर्ड, खोक्याचं सीलही न फोडता, परत द्यायला घेऊन गेल्या.

पुढचं सॉकेट मी करू का, असं मुलाने विचारलं. त्याला एक मेलेला बोर्ड दिला, सॉकेटमध्ये मुद्दाम कापसाचे धागे टाकले आणि म्हटलं, एकही पिन न हलवता हे काढून दाखव.